तागडीवर सशाचा पाय

बेचाळीसच्या उन्हाळ्यात मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि आमच्या कॉलेजातले ससे कर्जतला आले. मी त्यांच्या आधीच मुंबई सोडली होती. वसतिगृह रिकामं झालं तशी ट्रंक उचलून खालापूरला आईवडिलांकडे गेले. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. मी बी. एस्सी. होऊन शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात मुलांना प्रात्यक्षिकं दाखवायचं काम करत होते. ते सुटलं, आणि घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर जायची आणि मान खाली घालून परत यायची.

तेवढ्यात आमच्या सरांचं कार्ड आलं. एका व्यापाऱ्याचा हवा खायचा बंगला नदीकाठी मोकळा पडला होता, तो त्यांना मिळाला होता. ससे आणि सामान घेऊन ते कर्जतला येत होते. मदतीला येशील का, एवढंच विचारलं होतं. कर्जतला माझी मावशी राहत होती म्हणून वडिलांनी हो म्हटलं. आई मात्र स्टेशनवर जाईपर्यंत म्हणत होती, "मुलीच्या जातीनं सशांत काय बघायचं असतं गं?"

काय बघायचं असतं ते इथे सांगते, म्हणजे पुढचं समजेल. लढाईत कितीतरी जवानांच्या हातापायांच्या नसा चिरडल्या जात होत्या. जखम भरायची, हाड सांधायचं, पण हात लुळाच राहायचा. कुणाचा परत चालू व्हायचा, कुणाचा नाही. चिरडलेली नस पुन्हा वाढत स्नायूपर्यंत पोचते हे सरांना ठाऊक होतं. पोचल्यावर स्नायूत ताकद किती येते, किती हळू येते, पहिल्याइतकी येते का, हे त्यांना मोजायचं होतं. ते माणसात मोजणं अवघड, कारण प्रत्येकाची जखम निराळी. म्हणून ससे.

सशाला इथर हुंगवून सर मांडीवर बारीकसा छेद घ्यायचे, नस उघडी करून चिमट्याने दाबायचे आणि टाके घालायचे. ससा जागा झाला की एक मागचा पाय फरफटत न्यायचा. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण समजूत वगैरे घातली नाही. म्हणाले, "रोज उचलून बघत जा. कधी बदल दिसतो ते तूच मला सांगायचंस."

उचलून बघायचं म्हणजे असं. धडधाकट सशाला हवेत धरून झटकन खाली आणलं, की तो मागच्या पावलांची बोटं पंख्यासारखी पसरतो. नस चिरडलेल्या पायाची बोटं मिटलेलीच राहतात. काही आठवडे गेले की एके सकाळी त्या मिटलेल्या बोटांत किंचित फट दिसते. पहिली फट दिसली तेव्हा मी ससा छातीशी धरून, ससे ठेवले होते त्या मागच्या तबेल्यातून बंगल्यापर्यंत धावत गेले होते.

सशांना रोज ओलं गवत लागायचं. नदीपलीकडच्या गावातली एक बाई भारा घेऊन येऊ लागली. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. काळीसावळी, काटक, तोंडाने फटकळ. भारा डोक्यावर घेऊन ती फाटकातून आत आली की आधी तिच्या पावलाचा आवाज यायचा. एक पाऊल नीट पडायचं आणि दुसरं, टाच आधी न टेकता, जमिनीवर फट्कन आपटायचं. उजवा गुडघा ती घोड्यासारखा उंच उचलायची, कारण न उचलला तर बोटं जमिनीत अडकायची.

सर व्हरांड्यात बसून तिचं चालणं बघत राहिले. भारा टाकून ती निघाली तेव्हा मला म्हणाले, "तिला विचार, पायाला काय झालं."

मी विचारलं. तिनं लुगडं थोडं वर करून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची जागा दाखवली. "वैशाखात बांध घालीत होतो. वरचा धोंडा सुटला नि हितं बसला. हाड काय मोडलं नाय. पण पाऊल मेलं. सासू म्हणते वारं गेलं. भगतानं धागा बांधलाय."

"दुखतं का?"

"दुखंल कशाला? मेलेलं दुखतं काय?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "लावणीला काय करू बाय? चिखलात पाऊल रुतलं का निघत नाय. म्हणून हे गवताचं धरलं. गवत बसून कापता येतं."

सरांनी पाय तपासायचा म्हटल्यावर मात्र ती मागे सरली. पुरुषमाणसानं पायाला हात लावायचा, तेही नवरा नसताना, हे तिला पटेना. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली. तो उंच, अबोल माणूस फाटकाशीच उभा राहिला. शेवटी असं ठरलं, की ती आतल्या खोलीत बाकावर बसेल, मी हात लावीन आणि सर दाराबाहेर पाठ करून उभे राहतील. सर बाहेरून विचारायचे, मी आतून सांगायची.

"गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा टेंगूळ लागतोय?"

"हो सर."

"त्याच्या खाली बोटानं हलकं टिचकीसारखं मार. तिला विचार, काय वाटतं."

मी टिचकी मारली. ती किंचाळलीच. "आई गं! मुंग्या! पार पावलापत्तूर!"

दाराबाहेर सर एकदम वळले, मग आठवण होऊन पुन्हा पाठमोरे झाले. "छान," ते म्हणाले. आवाजात आनंद होता. "नस तुटलेली नाही. दबली आहे. तिला सांग, पाऊल मेलेलं नाही."

मी सांगितलं. नस म्हणजे नळीतून गेलेला धागा. नळी शाबूत असली की आत नवा धागा हळूहळू वाढत खाली येतो. रोज तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा, तेही फार तर. तिनं गुडघ्यापासून नडगीवर बोट ठेवत ठेवत घोट्यापर्यंत नेलं. म्हणाली, "म्हणजे भात कापायला येईल तवर पोचंल."

"पोचला तर," सर बाहेरून म्हणाले. "खात्री देत नाही."

तिचा नवरा तेव्हा प्रथमच बोलला. "तवर करायचं काय?"

सरांनी बाजारातल्या चांभाराला बोलावून एक चामड्याचा पट्टा करवून घेतला. वहाणेच्या पुढच्या टोकापासून पोटरीपर्यंत, पाऊल खाली लोंबू नये म्हणून. रोज पाऊल हातानं वर-खाली करायचं, टाच आखडू द्यायची नाही, हे मी तिला करून दाखवलं. पट्टा लावून ती अंगणात दोन फेऱ्या मारून आली. फट्कन आवाज आला नाही. फाटकाशी उभ्या नवऱ्याला म्हणाली, "बगतोस काय रं? चल आता."

आषाढ भिजत गेला. नदीला पूर आला की ती येऊ शकायची नाही आणि मी मावशीच्या परसातला पाला सशांना घालायची. आली की गवत टाकून ती तबेल्यात बसायची. कुठला ससा अधू पाय कधी टेकायला लागला, ते तिच्या लक्षात असायचं. एका सशाचा कान फाटलेला होता. त्याला ती स्वतः भरवायची. "ह्या कानफाट्याचा नि माझा एकच पाय," म्हणायची.

आणि मग ती यायची बंद झाली.

पूर ओसरला तरी आली नाही. गवत दुसराच कुणी माणूस आणून टाकू लागला. त्याला विचारलं तर खाली बघून म्हणाला, "लोकं बोलतात. डाक्तर सशाचं पाय जाणून मोडतो, मग मारतो. उद्या बाईचा बी कापंल."

सर खिन्न झाले. म्हणाले, "खोटं कुठे आहे? शेवटचं सोडलं तर सगळं खरंच आहे."

ते खरंच होतं. ताकद मोजायची सरांची रीत अशी होती, की सशाला इथर द्यायचं, पोटरीच्या स्नायूचा दोर उघडा करून तरफेला बांधायचा, नसेला विजेचा बारीक झटका द्यायचा आणि स्नायू किती जोरानं ओढतो ते बघायचं. ते झालं की सशाला जागं होऊ द्यायचं नाही. एका सशावर एकदाच मोजता यायचं. पुढचं मोजायला दुसरा ससा.

मी एकटीच तिच्या गावी गेले. पावसाची भुरभूर होती. ती ओट्यावर पट्टा लावून बसली होती, ते पाहून मला बरं वाटलं. पाणी देऊन सासू उंबऱ्यातच उभी राहिली.

मी म्हटलं, "तू जे ऐकलंस ते खरं आहे." आणि सगळं सांगितलं. इथर, चिमटा, तरफ, सशाचं पुढे काय होतं ते. काही गाळलं नाही.

ती पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाली, "आमी कोंबडं कापतो ते खायला. तुमी तर खात नाय. मग कशाला?"

"बघायला."

"काय बगायला?"

"पाय परत येतो का. किती येतो."

"येतो?"

"तूच बघितलंयस की. कानफाट्या पहिल्यांदा कसा होता? आता कसा आहे?"

ती पट्ट्याच्या चामड्यावरून बोट फिरवत राहिली. "त्याला मारू नका," म्हणाली.

"ते माझ्या हातात नाही. सरांना विचारीन."

"इचारा. नाय म्हनले तर तसं सांगा. खोटं सांगू नका." आणि सासूकडे वळून म्हणाली, "मी जानार हाय उद्या. पाय माजा हाय."

सरांनी लगेच हो म्हटलं नाही. कानफाट्या हा सगळ्यांत जुन्या सशांपैकी. त्याचाच पाय मोजणं सगळ्यांत गरजेचं होतं. पण मधेच ऑगस्ट उजाडला. देशभर धरपकड झाली, रूळ उखडले, तारा कापल्या. गाड्यांचा भरवसा राहिला नाही. मुंबईहून येणारं इथर थांबलं. जे होतं ते सैन्याकडे जात होतं. इथर नाही म्हणजे छेद नाही, तरफ नाही. सर दिवसभर व्हरांड्यात येरझारा घालायचे. ससे मात्र खात होते आणि रोज थोडे थोडे सुधारत होते, आणि ते मोजायचं साधन आमच्याकडे नव्हतं.

ससे नीट खातात का हे बघायला आम्ही त्यांचं वजन करायचो. त्यासाठी बाजारातून वाण्याची असते तसली तागडी आणली होती, आढ्याला टांगून. एकदा मी एका सशाला टोपलीत ठेवत होते. तो निसटला, आणि त्याचा मागचा चांगला पाय पारड्यावर टेकला. त्यानं पायानं असा रेटा दिला, की पलीकडचं वजनांचं पारडं वर उडून वजनं फरशीवर घरंगळली.

मी वजनं गोळा करून पुन्हा ठेवली. सशाला छातीशी धरलं, चांगला पाय फडक्यात गुंडाळला आणि अधू पाय अलगद पारड्यावर टेकवला. त्यानं रेटा दिला. पारडं जेमतेम हललं. मी एक वजन काढलं. पुन्हा टेकवला. आणखी एक काढलं. शेवटी अगदी थोडी वजनं उरली तेव्हा ती उचलली गेली.

"सर!" मी ओरडले. "जरा या!"

ते आले. मी पुन्हा करून दाखवलं. आधी चांगला पाय, मग अधू. त्यांनी पारड्यातली वजनं मोजून पाहिली. मग म्हणाले, "घाबरला म्हणून जास्त रेटतो, कंटाळला म्हणून कमी. हे मोजमाप नव्हे."

"पुन्हा पुन्हा करू. रोज करू. दोन्ही पाय एकाच सशाचे आहेत. घाबरला तर दोन्ही पायांनी घाबरेल ना?"

ते हसले. सर क्वचित हसायचे. तागडीजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आण पुढचा."

त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही तेच करत होतो. काही ससे मुळीच दाद द्यायचे नाहीत, पारड्यावर पाय ठेवून नुसते बसून राहायचे. काही इतका जोर करायचे, की माझ्या हातांवर ओरखडे उठायचे. पण हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. ज्यांची बोटं पसरू लागली होती त्यांचा रेटा वाढत होता, आणि तोही आधी भराभर, मग सावकाश. एकाच सशाचा पाय आठवड्यामागून आठवडे कसा भरत जातो, हे सरांना पूर्वी कधी बघताच आलं नव्हतं, कारण त्यांचा प्रत्येक ससा एकदाच मोजला जात असे.

हिवाळ्यात थोडं इथर आलं तेव्हा सरांनी तीन-चार सशांवर जुन्या रीतीनंही मोजून पाहिलं, तागडी खरं बोलते का याची खात्री करायला. त्या सशांना जावं लागलं. मी ते निवडायला नकार दिला, पण हातात धरून मीच बसले. तागडी बऱ्यापैकी खरं बोलत होती. कानफाट्या त्यात नव्हता. सर म्हणाले, "त्याच्याच पायाची सगळ्यांत लांब कहाणी आहे आपल्याकडे. ती मधेच कशाला तोडायची?" हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

पण तिच्या पायाची गोष्ट त्याआधीची. भाद्रपद संपत आला होता. दर आठवड्याला मी तिला बाकावर बसवून पाय लोंबता ठेवायची आणि म्हणायची, "पाऊल वर घे." ती दात-ओठ खाऊन प्रयत्न करायची. गुडघा वर यायचा, खांदे वर यायचे, भुवयासुद्धा वर जायच्या. पाऊल तसंच. ती थट्टा करायची, पण अलीकडे थट्टा कमी झाली होती. त्या दिवशी म्हणाली, "बाय, सशाचं सशाला झालं असंल."

सर नेहमीसारखे दाराबाहेर पाठमोरे होते. मला म्हणाले, "पावलाकडे बघू नकोस. घोट्याच्या पुढे बोट ठेव आणि डोळे मिट."

मी बोट ठेवलं, डोळे मिटले. "घे वर."

काही नाही. पुन्हा सांगितलं. काही नाही. तिसऱ्यांदा माझ्या बोटाखाली काहीतरी ताणलं गेलं. दोऱ्याला कुणी पलीकडून हळूच ओढावं तसं, आणि लगेच सुटलं.

मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "हाललं. आतून हाललं गं!"

"आता काय लागतंय बोटाला?" सर बाहेरून अधीर होऊन विचारत होते. मी रडत होते. तीही रडत होती आणि मधेच मला ओरडत होती, "अगं सांग की त्यांना! उबे हायेत बिचारे!"

पुढे मी एक लहान कापडी पिशवी शिवली. ती तिच्या पावलाच्या पुढच्या भागावर अडकवायची, त्यात वजनं घालायची आणि पाऊल वर घ्यायला सांगायचं. सुरुवातीला रिकामी पिशवीसुद्धा जड व्हायची. मग छटाक, मग पावशेर. सशांसारखंच आधी तिचा चांगला पाय मोजायचा, मग अधू. तिला ते भारी आवडायचं. पिशवी उचलली गेली, की ती दाराकडे तोंड करून ओरडायची, "डाक्तर, लिवा!"

दिवाळीनंतर भातकापणी झाली तेव्हा ती पट्टा सोडून खळ्यावर वावरत होती. दमली, की पाऊल अजून थोडं आपटायचं. पुढच्या आषाढात लावणीला मी तिच्या शेतावर गेले. ती ओळीत वाकलेली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. मला बांधावर बघून सरळ झाली, उजवा पाय उपसून वर काढला आणि चिखल गळणारं पाऊल हवेत धरून दोनदा हलवलं. शेजारच्या बायका हसल्या. तिचा नवरा पलीकडे आवण, म्हणजे लावणीची रोपं, उपटत होता. त्यानं मान वर केली आणि तोही हसला. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं. ताकद पहिल्याइतकी आली नव्हती. सरांच्या मते यायचीही नव्हती. पण चिखलातून पाऊल निघत होतं.

श्रावणात आम्ही मुंबईला परतलो. कॉलेज पूर्ववत चालू झालं होतं आणि सरांना त्यांचं सगळं काम तिथे पुन्हा मांडायचं होतं. खालापूरला जाऊन मी वडिलांना सांगितलं, की मला पुढे शिकायचं आहे. लग्नाचं नंतर बघू. वडील म्हणाले, "सशांनी बिघडवली तुला." पण ट्रंक त्यांनीच दोरीनं आवळून दिली.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, कानफाट्या हवा का, सर द्यायला तयार आहेत. ती म्हणाली, "नको गं बाय. घरात दोन मांजरी हायत. तुमच्यापाशीच सुखी हाय तो." मग तो आमच्याबरोबर गार्डाच्या डब्यातून गेला.

ती नवऱ्याला घेऊन स्टेशनवर आली होती, तो चामड्याचा पट्टा परत द्यायला. "दुसऱ्या कुनाला लागंल," म्हणाली. शिवाय सरांच्या हातात तिनं एक गाठोडं दिलं. तांदळाच्या भाकरी आणि सुकट. सर कट्टर शाकाहारी. तो वास येत असताना ते गाठोडं दोन्ही हातांनी धरून गाडी सुटेपर्यंत अवघडून उभे राहिले, आणि ती खिडकीखालून त्यांना बजावत होती, "गरम हाय तवर खा डाक्तर. गार झाल्यावर मजा नाय."

गाडी हलली. सरांनी गाठोडं माझ्याकडे दिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ती प्लॅटफॉर्मवरून गाडीबरोबर चालत येत होती, पुढे पुढे भराभर, नवऱ्याला मागे टाकून.

"बघ," सर म्हणाले, "टाच आधी टेकते आहे."

भाकरी मी पुढचं भिवपुरी स्टेशन यायच्या आत संपवल्या.